आधी नाव सांगा

तांबरम,
रविवार, ९ मार्च २०२५

ति. बाबांना,

अद्वयचा नमस्कार. तुमचं ब्लडप्रेशर आणि आईचा गुडघा, दोघेही शहाण्यासारखे वागत असतील अशी आशा आहे.

मी मजेत आहे. इकडे ऊन आत्ताच भाजायला लागलंय. सिरुसेरीच्या ऑफिसात मात्र एसी इतका गार असतो, की मी स्वेटर घालून बसतो आणि घरी येताना बसमध्ये घामाने भिजतो. मेसवाल्याने सांबारात शेवग्याच्या शेंगा घालायचं बंद केलंय. आईला सांगा, तिने पाठवलेला गोडा मसाला अजून पुरतोय. परवा त्याची आमटी केली, तर शेजारच्या खोलीतली दोन तमिळ मुलं वाटी घेऊन दारात उभी राहिली.

पत्र बघून तुम्ही चमकला असाल. मेसेज केला असता, पण त्यावर तुमचा अंगठा येतो आणि विषय संपतो. फोनचं तर तुम्हाला माहीतच आहे. मला सांगायचंय ते जरा लांब आहे, आणि ते मीच शेवटपर्यंत सांगावं असं मला वाटतं.

आधी चांगली बातमी. कृष्णस्वामी अण्णा हॉस्पिटलमधून घरी आले. तुम्हाला ते आठवत असतील. एन्नोरला आपल्या कॉलनीच्या गणपतीत लाउडस्पीकर लावायला यायचे, आणि आरती चालू असताना कर्णा कुरकुरला की धावत जाऊन वायर हलवायचे, ते. जानेवारीत त्यांना धाप लागली, खोकल्यातून रक्त आलं. डॉक्टरांनी फुप्फुसातली गाठ दाखवून तोंडं इतकी लांब केली, की त्यांच्या मुलीने, भव्याने, मनातल्या मनात सगळं उरकून टाकलं होतं. तपासण्यांवर तपासण्या झाल्या आणि शेवटी निघाला टीबी. टीबी निघाला म्हणून पेढे वाटणारी भव्या ही जगातली पहिलीच मुलगी असेल! औषध लागू पडलंय. बुधवारी त्यांच्या घरी भेटलो तेव्हा अण्णा खाटेवर बसून इडली खात होते आणि हॉस्पिटलच्या चटणीला अजून शिव्या देत होते.

तुम्ही त्यांना लाउडस्पीकरवाला म्हणूनच ओळखता. मला त्यांच्याबद्दल थोडं जास्त सांगायचंय, नाहीतर पुढचं कळणार नाही.

तरुणपणी अण्णा बंदरात कामाला होते. परदेशी जहाजांवरचे खलाशी त्यांना कॅसेटी द्यायचे. त्यात काळ्या अमेरिकन पोरांची जुनी रॅपगाणी असायची. जळक्या, पडक्या वस्त्यांत राहणारी, रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून वीज घेऊन गाणी वाजवणारी ती पोरं. अण्णांना इंग्रजी फारसं येत नव्हतं. ते म्हणतात, ‘शब्द समजले नाहीत, पण हा माणूस तक्रार करतोय आणि तरी कोणाच्या पाया पडत नाहीये, एवढं कळलं.’ मग ते स्वतःच कुप्पममध्ये, म्हणजे त्यांच्या कोळीवाड्यात, लॉरीवर उभं राहून तमिळमध्ये बोलायला लागले. खाडीतली कोळंबी का मेली, नळाला पाणी का नाही, बोटीवर गेलेला कोण परत आला नाही. लोक त्याला रॅप म्हणत नसत. ‘अण्णाचं भांडण’ म्हणत. आज चेन्नईतली नावाजलेली रॅपर पोरं त्यांना वाकून नमस्कार करतात. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी त्यांच्या लाउडस्पीकर ठेवायच्या शेडमध्ये पहिल्यांदा गेलो, आणि त्यांनी एक जुनी कॅसेट लावून माझ्या हातात माइक दिला. मी न अडता बोललो. पूर्ण दोन कडवी. बाहेर येऊन मी भिंतीला टेकून बसलो.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला ते दिवाळीत कळलं, तुमच्या कारखान्यातल्या बालाजीरावकाकांनी फलटणला पाठवलेल्या माझ्या रॅपच्या व्हिडिओमुळे.

बाबा, त्या दिवशी तुम्ही काय म्हणालात ते तुम्हाला आठवतं का, मला माहीत नाही. आई करंज्या तळत होती. तुम्ही व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलात, फोन पालथा ठेवलात आणि म्हणालात, ‘इथे घडाघडा बोलतोस. मग बँकेतल्या बाईला स्वतःचं नाव सांगताना काय होतं? इतकी वर्षं नाटक करत होतास का?’

मी उत्तर द्यायला गेलो आणि पहिल्याच अक्षरावर अडकलो. तुम्ही म्हणालात, ‘राहू दे.’ तेव्हापासून आपण जेवलास का, पाऊस आहे का, एवढंच बोलतोय.

ते उत्तर मी आता लिहितो. रॅपमध्ये ताल आधीच ठरलेला असतो. पुढचा शब्द कुठे पडणार हे जिभेला ठाऊक असतं, ती न घाबरता उडी मारते. आणि स्टेजवर माझं नाव साम्बल असतं. तमिळमध्ये साम्बल म्हणजे राख. त्या साम्बलला कोणी कधी ‘नाव काय तुझं?’ असं विचारलेलं नाही. साधं बोलताना पायाखाली तसलं काही नसतं. आणि सगळ्यांत खोल खड्डा माझ्या नावातच आहे. शाळेच्या ॲडमिशनला, दवाखान्यात, पासपोर्टच्या ऑफिसात तुम्ही पुढे होऊन सांगायचात, ‘याचं नाव अद्वय.’ मला सुटल्यासारखं वाटायचं. आणि लाजही वाटायची. नाटक नव्हतं ते, बाबा.

आता जानेवारीचं सांगतो.

तुमच्या एन्नोरच्या कारखान्याला कोळशाची राख साठवायला नवा तलाव हवा होता. जागा ठरली होती कुप्पमच्या अगदी पाठीशी, जिथे बायका खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उतरून हाताने कोळंबी पकडतात तिथे. सरकारने जनसुनावणी ठेवली. कुप्पमतर्फे अण्णा बोलणार होते. सुनावणीच्या आदल्या दिवशीच त्यांना ॲडमिट केलं. मी पोचलो तर तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. त्यांनी तो हाताने बाजूला केला आणि म्हणाले, ‘नी पेसु.’ तू बोल.

भव्याला त्यांच्याजवळ थांबणं भाग होतं. मी घाबरलो, पण फार नाही. मनात म्हटलं, रॅप करीन. खाडीवरचं आमचं एक गाणं तयारच होतं, ते थोडं बदललं आणि बसमध्ये पाठ करत गेलो.

सुनावणी एका लग्नाच्या हॉलमध्ये होती. कुठल्यातरी लग्नाची फुलं कमानीवर तशीच सुकलेली. पुढे कारखान्याचे लोक, त्यांत बालाजीरावकाका, मागे कुप्पमची माणसं, कडेला पोलीस. माझा नंबर आला. मी माइक हातात घेतला आणि पायाने ताल धरला. तेवढ्यात अधिकारी बाई म्हणाल्या, ‘इथे गाणीबिणी नकोत. जे सांगायचंय ते साधं बोला. आधी नाव सांगा, रेकॉर्ड होतंय.’

बाबा, मी अडकलो. असा अडकलो, की तोंड उघडं आणि आवाज नाही. ‘अ’ येईना. जबडा थरथरत होता आणि तो श्वासाचा आवाज माइकमधून अख्ख्या हॉलभर जात होता. कोणीतरी हसलं. बाई म्हणाल्या, ‘लिहून दिलंत तरी चालेल.’ अगदी प्रेमाने म्हणाल्या. मी कागद घेणारही होतो. खरं सांगतो, मी त्या क्षणी दाराकडे बघितलं. तुम्ही कुठूनतरी याल आणि ‘याचं नाव अद्वय’ म्हणाल, असं मला वाटलं.

मागून एका म्हातारीचा आवाज आला. ‘मेदुवा, तंबी. नांग इरुक्कोम.’ सावकाश, बाळा. आम्ही आहोत इथे.

आणि मग सगळा हॉल थांबला. कोणी नाव सुचवलं नाही. कोणी ‘बोल, बोल’ केलं नाही. कुप्पमच्या बायका पदर सावरून नीट बसल्या, जशा बोटीची वाट बघत किनाऱ्यावर बसतात तशा. माझं नाव यायला किती वेळ लागला मला माहीत नाही. पण ते आलं. पूर्ण आलं, तुमच्या नावासकट. अद्वय विजयकुमार सबनीस.

त्यानंतरही मी अडत अडतच बोललो. एकही ओळ सरळ गेली नाही. पाठ केलेलं गाणं विसरलो. मग जे डोळ्यांसमोर आलं तेच सांगितलं, आणि त्यात तुम्ही आलात. यासाठी तुम्ही रागावलात तर मी ऐकून घेईन, पण काय सांगितलं ते आधी वाचा.

मी सांगितलं, की माझे वडील याच कारखान्यात केमिस्ट होते आणि मी इथल्याच क्वार्टर्समध्ये वाढलो. वारा फिरला की आई खिडक्या लावून घ्यायची आणि कपडे आत वाळत टाकायची. मी खेळून आलो की वडील मला नळाखाली धरून आधी माझे डोळे धुवायचे. स्वतः शिफ्ट करून दमून आलेले असले तरी. थंड पाण्याने, हळूहळू, राख कोपऱ्यातून निघेपर्यंत. आमच्या घरी खिडकी होती, नळ होता, डोळे धुणारा माणूस होता. खाडीत उभ्या असलेल्या बाईला लावून घ्यायला खिडकीच नाही. माझ्या वडिलांना राख काय करते हे माहीत होतं, म्हणून ते डोळे धुवायचे. कारखान्याच्या साहेबांनो, तुम्हालाही माहीत आहे. मग तलाव त्यांच्या पाठीशी का?

एवढंच. बाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मी खाली उतरलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि ती म्हातारी माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडत होती.

बालाजीरावकाका बाहेर पार्किंगमध्ये गाठ पडले. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी माझा हात धरला आणि सोडेनात. त्यांच्या तंजावरी मराठीत म्हणाले, ‘बोलून टाकलास की रे! विजयकुमाराला आत्ताच फोन लावतो.’ मी मानेनेच नको म्हटलं. काय होतंय ते ठरू दे, मग मी सांगेन, असं मी त्यांना मोबाइलवर लिहून दाखवलं. काका चेष्टेने म्हणाले, ‘आता परत लिहायला लागलास?’ आम्ही दोघंही हसलो. म्हणून तुम्हाला इतके दिवस कळलं नाही. काकांवर रागावू नका.

आता ठरलंय. मंगळवारी हुकूम आला. तलावाला ती जागा नामंजूर. कारखान्याने दुसरी जागा शोधायची, आणि गळणारी राखेची पाइपलाइन आधी दुरुस्त करायची. माझ्या बोलण्याने झालं असं मी म्हणत नाही. तज्ज्ञांचे अहवाल होते, वकील होते, कुप्पमची माणसं वर्षानुवर्षं खेटे घालत होती. दुसरी जागा कोणाच्या पाठीशी असेल, हेही बघावं लागेल. पण अण्णांना खाटेवर हुकूम वाचून दाखवला तेव्हा त्यांनी हातातली इडली खाली ठेवली. मग म्हणाले, ‘त्या दिवशी तू गायलास?’ भव्या म्हणाली, ‘नाही अप्पा, अडखळला.’ अण्णा म्हणाले, ‘मग तर सगळ्यांनी नीट ऐकलं असेल.’

मी अजून अडखळतो. काल मेडिकलच्या दुकानात नाव सांगताना पुन्हा अडकलो. दुकानदार वाट बघत राहिला, मीही राहिलो. आधीसारखा पळालो नाही, खोटं नावही सांगितलं नाही. छातीवर कोणीतरी कायम बसलेलं असायचं, ते उठून गेलंय असं वाटतं. रात्री झोप लागते. रॅप चालूच आहे. अण्णा बरे झाले की लॉरी परत निघणार आहे. पण आता मला तिथे लपावं लागत नाही.

बाबा, तुम्ही माझी वाक्यं पूर्ण करायचात ती मायेने, हे मला कळतं. डोळे धुणाऱ्या माणसाला मुलाचं अडणंही बघवत नसणार. दिवाळीतलं बोलणं रागाचं नव्हतं, घाबरल्याचं होतं, असं मी आता धरून चालतो. चुकत असेन तर सांगा.

हे पत्र आईलाही वाचून दाखवा. ती रडेल, तिला सांगा मी पोटभर जेवतो.

पुढच्या रविवारी सकाळी मी फोन करतो. मी अडेन. बहुतेक ‘बाबा’ म्हणतानाच अडेन. काही करू नका. नुसते थांबा. मी येतोय.

तुमचा,
अद्वय विजयकुमार सबनीस