बारशातली सर्दी

१३ जुलै, रविवार

बारसं! लालबागला, अपेक्षाच्या घरी! कॉलेज अर्ध्यात सोडलं तेव्हा बाबा ओरडले होते, "आता मंडप बांध!" — बांधतोय. आणि आज शेठने पाळणा सजवायला नेमकं तिच्याच घरी पाठवलं. घ्या!

तिच्या दादाचा मुलगा, सव्वा महिन्याचा. तोंड माझ्या मुठीएवढं. अपेक्षा एकुलती आत्या, म्हणजे नाव तिनेच ठेवायचं. मोरपंखी साडी. मी स्टुलावर मोगऱ्याच्या माळा बांधतोय आणि गाठ एकही बसत नाहीये! ती वाकली, बाळाच्या कानाला तोंड लावलं — "कुर्र्र... अर्णव!" बायकांनी तिच्या पाठीत असे धपाटे घातले की खाली उतरून एकेकीला... जाऊ दे. रीत आहे.

तिचं नाक लाल होतं. काल चौपाटीवर एका ग्लासात उसाचा रस प्यायलो तेव्हाच शिंकत होती. "घरी बोलू नको हां. वहिनीला कळलं तर पाळण्याजवळ उभी करणार नाही. आत्याशिवाय बारसं होतं का रे?"

साधी सर्दी तर आहे. मी काय बोलणार!

१६ जुलै

मला सर्दी. तिचीच! शिंकतानाही बरं वाटतंय. वेड लागलंय मला.

१९ जुलै, शनिवार

सकाळी तिचा फोन. "उन्मेष, बाळ दूध ओढत नाहीये. श्वास घेताना बरगड्यांमध्ये खड्डे पडतायत." दादा ड्युटीवर. मी टॅक्सी घेऊन दारात. परळच्या हॉस्पिटलपर्यंत दोन बाइकवाल्यांशी भांडलो.

आरएसव्ही नावाचा व्हायरस निघाला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, दोन वर्षांपर्यंत जवळजवळ प्रत्येक पोराला एकदा तरी होतोच, बहुतेकांना नुसती सर्दी. पण एवढ्याशा बाळाच्या श्वासनळ्या इतक्या बारीक, की कफाने बुजतात. अँटिबायोटिकचा उपयोग नाही. ऑक्सिजन लावायचा, नाक साफ ठेवायचं, नळीने दूध द्यायचं, वाट बघायची. तसाच म्हाताऱ्या माणसांनाही जड जातो. भांड्यांवरून, कडीवरूनसुद्धा लागतो.

मग विचारलं, "घरात सर्दी कुणाला होती?"

वहिनी एकेकाकडे बघायला लागली. अपेक्षाचा चेहरा पांढराफटक! मी पुढे झालो. "मला. बारशाला मीच शिंकत होतो."

"मेल्या, तुका कळाक नाय? सर्दी घेवन पाळण्याक हात लावलंस?" सगळं घर मालवणचं; वहिनी रागावली की मालवणीत. "परत आमच्या दारात दिसलंस तर बघ!"

निघताना अपेक्षाने हात दाबला. हात! दाबला!

२० जुलै

बाळ ऑक्सिजनवर, आणि मी हवेत. लाज वाटते. तरी हवेतच.

२३ जुलै, बुधवार

बाळाचा ऑक्सिजन काढला! स्वतः दूध ओढतंय! मी वाडीतल्या चार अनोळखी लोकांना पेढे दिले.

संध्याकाळी तिचा फोन. अप्पांना — तिचे आजोबा, पंच्याहत्तर वर्षांचे, आधीच दमेकरी — ताप आणि धाप. आजच ॲडमिट केलं. "वहिनी हॉस्पिटलात, म्हणून त्यांचं जेवणखाण, औषध मीच बघत होते रे. खोकला होता मला. मास्क लावायचंसुद्धा सुचलं नाही."

कसं सुचेल? कुणी सांगितलंच नाही तिला लांब राहा म्हणून. कशाला सांगतील? सर्दीवाला सापडला होता ना — मी! मॅडम बोलल्या ते सगळं कानावर पडलं होतं माझ्या, आणि मी हिरोगिरी करत सुटलो.

तिच्यावरच ओरडलो. "सांगून टाक सगळ्यांना! उद्या बाळ घरी येतंय, तू परत उचलून घेणार!"

"सांगितलं तर बाळाला पुन्हा माझ्या हातात देतील का? आणि तुला तर कायमचं..."

"मला देऊ देत शिव्या! मीच सांगतो, थांब."

"तू नाही. आत्या मी आहे."

फोन कट. त्यानंतर एक मेसेज नाही. पंधरा वेळा बघितलं. संपलं बहुतेक.

२५ जुलै, शुक्रवार

सांगितलं तिने. काल, सगळ्यांसमोर. वहिनीने बाळाला छातीशी धरलं म्हणे. मग म्हणाली, "खोकला पूर्ण जाऊ दे, मग घे त्याला." आणि मग, "पण तो मेलो कित्याक आपल्यावर घेय होतो?" मी आळ स्वतःवर का घेतला म्हणून! अपेक्षा लाजली! खाली मान!

आत्ता अप्पांचा फोन आला, हॉस्पिटलच्या खाटेवरून, दोन शब्दांमध्ये धापा टाकत —

"तुझ्या आईक... घेवन ये... बोलणी करूक. दोघांनी... मास्क लावा."