तळातलं भोक

३ मार्च

आलो एकदाचे. सामान उतरवताना ट्रकवाल्याने कपाटाचा पाय मोडला आणि मला मनातून बरंच वाटलं, नव्या घरात पहिल्याच दिवशी हाताला काम मिळालं. ही म्हणाली, मास्तर, आधी चहा घ्या, कपाटाचा पाय काही पळून जात नाही. सुतारकामाचा मास्तर निवृत्त होऊन दोन महिने झाले, पण हिच्या तोंडचा मास्तर निवृत्त व्हायला तयार नाही.

घर लहान पण नेटकं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे पत्र्याच्या छपराची लांबलचक खोली. ती पाहूनच मी हे घर भाड्याने घेऊ म्हटलं होतं. भिंतीला लागून जाडजूड कामाचं टेबल, त्याला लोखंडी शिकंजा, उजेडाला मोठी खिडकी. भिंतीवर हत्यारं अडकवायच्या खुंट्या आहेत, प्रत्येकीखाली हत्याराची आकृती रंगवलेली. हत्यार मात्र एकही नाही. साधा खिळासुद्धा नाही. माझा रंधा, पटाश्या, भोकं पाडायचं गिरमिट सगळं त्या आकृत्यांवर टांगून टाकलं. अगदी बरोबर बसलं.

आणि खोलीच्या मधोमध दोन लाकडी घोड्यांवर, चादरीखाली, होडी! दोन्हीकडून टोकदार, हलक्या वल्ह्याने हाकायची कॅनू. मी हिला हाक मारली तेव्हा माझा आवाज पोरासारखा चिरकला म्हणे.

४ मार्च

घरमालकीणबाई समोरच राहतात. सत्तरीच्या पुढच्या, शब्द मोजून वापरणाऱ्या. होडीचं विचारलं. म्हणाल्या, खरवडा, रंगवा, झाडं लावा हवं तर तिच्यात. फक्त तळाला भोक आहे, त्याला हात लावू नका. का, असं विचारलं तर म्हणाल्या, ती पाण्यात घालायची नाहीये. आणि दार लावून घेतलं.

लाकडातलं बाईमाणसाला काय कळतं, असं मी म्हणणार होतो, पण ही शेजारी उभी होती.

६ मार्च

दोन दिवस जुना रंग खरवडतोय. हिरवा, त्याखाली पांढरा, त्याखाली पुन्हा हिरवा. आत वाकवलेल्या पट्ट्या एकीसारखी दुसरी नाही. सगळं हाताने केलेलं, पट्टी न लावता, नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने. बसायला दोन फळ्या, एक पुढे, एक मागे. असं काम पाहिलं की मला जागेवर बसवत नाही. जेवताना दोनदा उठून बघून आलो.

भोक अंगठ्याएवढं, मागच्या फळीच्या पायापाशी. कडेची ढलपी बाहेरच्या बाजूने उडालेली, म्हणजे आतून पाडलंय. आणि खाली टेकू न देता. वर्गात असं कुणी भोक पाडलं असतं तर मी त्याला बाकावर उभा केला असता. किंवा ज्याने पाडलं त्याला फार घाई असावी.

भोकाच्या ओळीत तीन जुनी बुचं सापडली. तीन वेगळ्या लाकडांची, तीन वेगळ्या हातांची. म्हणजे माझ्याआधी तिघांनी भोक बुजवलंय आणि दर वेळी कुणीतरी शेजारी नवं पाडलंय. विचित्र माणसं.

९ मार्च

पंचवीस तारखेला लग्नाला तीस वर्षं होतील. लग्न ठरलं तेव्हा मी हिला होडी बनवून देतो म्हणालो होतो. त्यानंतर स्टुलं, पाळणा, पोळपाट, शाळेची दोनशे बाकं झाली. होडी राहिली. ही कधी बोलली नाही. आज मात्र घराजवळच्या तळ्यावरून फिरून येताना सहज म्हणाली, पंचवीसला आपण पाण्यात असू का हो?

असू म्हणालो. भोक ठेवून कसं असणार? मालकीणबाई वाटेत भेटल्या, त्यांनी विचारलं. नाही हो, भोकाला हातही लावणार नाही, असं चक्क तोंडावर खोटं बोललो.

१२ मार्च

बुजवलं. कठीण लाकडाचं बूच, जाडीला केसभर जास्त, सरस लावून ठोकून बसवलं, वरून रंधा, मग पॉलिशपेपर. डोळे मिटून बोट फिरवलं तरी सापडत नाही. माझ्या हातचं इतकं चांगलं काम मला आठवत नाही.

हिला बोलावलं. ही चपला काढून पुढच्या फळीवर बसली, वर्तमानपत्राची सुरळी करून वल्हवायला लागली, मला म्हणाली, मागे बसा, नाहीतर मी एकटीच पलीकडे जाते. माझे हात सरसाने बरबटलेले होते, मी बसलो नाही.

१४ मार्च

आज होडीत पाणी भरून कुठे गळतं ते बघायचं होतं. बादली घेऊन गेलो तर आत चार बोटं पाणी आधीच होतं. हिने भरलं असेल म्हणून विचारलं, तर ही म्हणाली, मला दुसरे उद्योग नाहीत का. पत्रा पाहिला, भिंत पाहिली. सगळं ठणठणीत कोरडं. पाण्याला शेवाळाचा वास, आणि ते गार, तळ्याच्या मधल्या पाण्यासारखं.

उपसलं. खाली जमिनीवर मात्र एक थेंब नव्हता. माझं बूच टिकलं एवढाच आनंद मी मानला.

१५ मार्च

पुन्हा पाणी. कालच्यापेक्षा दोन बोटं जास्त. हिला सकाळपासून खोकला. जागा बदलली की होतं तिला.

१६ मार्च

होडीत पेन्सिलीने रेघ मारून ठेवली. दुपारी पाणी रेघेच्या वर. दारापाशी खुर्ची टाकून तासभर नजर लावून बसलो. कुठूनही येत नाही. फक्त वाढतं.

ही दोन पायऱ्या चढली आणि धाप लागून खाली बसली. मला हसून म्हणाली, म्हातारी झाले, मास्तर. मला हसू आलं नाही.

१७ मार्च

डॉक्टरांकडे गेलो. फोटो काढला. छातीत पाणी झालंय म्हणाले, डाव्या बाजूला खाली. एवढ्यात कसं झालं, त्यांनाही नवल वाटलं. गोळ्या दिल्या, दोन दिवसांनी पुन्हा बोलावलंय.

घरी आलो, हिला निजवलं आणि हात स्वस्थ बसेनात म्हणून मागे जाऊन होडी उपसायला लागलो. अर्धी झाली तेवढ्यात स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज. ही उठली होती, गाणं गुणगुणत होती. म्हणाली, अचानक मोकळं वाटतंय बघा.

मी उपसायचा मग हातात धरून तिथेच उभा राहिलो.

१८ मार्च

खात्री करायला नको होती. केली.

उपसलं की हिला श्वास येतो. थांबलो की खोकला. रेघेच्या वर गेलं की ओठ निळसर. सकाळपासून सहा वेळा उपसलं. आता तासाला दोन बोटं भरतंय. मी उपसतो त्याहून वेगाने भरायला लागलं तर—

हे कुणाला सांगू? मलाच वेड लागलंय असं म्हणतील. लागलेलं असू दे, देवा.

१९ मार्च

खालून भोक पाडायला घेतलं. माझंच बूच. गिरमिट पार मुठीपर्यंत आत गेलं. पाण्याचा थेंब नाही. बाहेर काढलं तर लाकूड होतं तसं. बोट फिरवलं, काही सापडत नाही. इतकं चांगलं काम!

मग कुऱ्हाड घेतली. कडेवर एकच घाव घातला. घरातून हिची किंकाळी. धावलो. ही कुशीला हात लावून वाकलेली, काहीतरी लागलं म्हणत होती. हाताच्या खाली काळानिळा डाग.

कुऱ्हाड कुंपणापलीकडे फेकून दिली.

२० मार्च

मालकीणबाईंकडे गेलो. पायच धरले. भोक बुजवलं म्हटल्यावर त्यांनी मला उठवून खुर्चीत बसवलं. मग म्हणाल्या, पुढे कोण बसलं होतं?

सगळं सांगितलं त्यांनी. भोक बुजलं की होडी भरते. तिच्यात जो बसला त्याच्या छातीतही पाणी भरतं. खालून काही होत नाही. मागच्या फळीवर बसून, आतून भोक पाडायचं, मग पुढचा सुटतो. तिसरं बूच त्यांच्या नवऱ्याने असंच मारलं होतं. पुढच्या फळीवर त्या बसल्या होत्या. त्या सुटल्या. आणि तो चार दिवसांत गेला, कोरड्या खोलीत, कोरड्या गादीवर. छातीत पाणी होऊन. भोकातून जातं ते होडीतलं पाणी. जो पाडतो त्याच्या छातीत जे येतं, त्याला वाट नसते.

मी विचारलं, मग तुम्ही का नाही त्याला सोडवलंत, नवं भोक पाडून? म्हणाल्या, सोडवलं असतं हो, ते माझ्या छातीत घेऊन. पण त्याने मला काही कळू दिलं नाही, आणि घरातलं एकूणएक हत्यार त्याच दिवशी देऊन टाकलं. शेवटच्या सकाळी बोलला. तोवर वेळ निघून गेली होती.

होडी का मोडली नाही, ते मी विचारलं नाही. त्याही तिच्यात बसल्या होत्या.

आम्हाला आधी का सांगितलं नाहीत म्हणालो. म्हणाल्या, हसला असता तुम्ही. खरं आहे. मी हसलोच असतो.

हिला काही सांगायचं नाही, असं वचन घेतलं त्यांच्याकडून. त्यांनी दिलं. रडत होत्या.

२१ मार्च

केलं.

ही खाटेवर, डोळे अर्धे मिटलेले. होडी काठोकाठ. मागच्या फळीवर बसलो, गुडघ्यापर्यंत पाण्यात, गिरमिट पाण्याखाली लावलं, जुन्या बुचाशेजारी. खाली टेकू द्यायला वेळ नव्हता. बाहेरून ढलपी उडाली. पाणी गेलं, सगळं, जमीन भिजली, पहिल्यांदा.

आत गेलो तर ही उठून बसलेली. भूक लागली म्हणाली. मी दाराआड उभा राहून रडलो आणि मग दोन पोळ्या मीच केल्या. वेड्यावाकड्या. हिने नावं ठेवत खाल्ल्या.

२२ मार्च

खोकला आला. माझा.

ही कपडे वाळत घालायला बाहेर गेली होती. हत्यारं गोणीत भरली. रंधा, वडिलांच्या पटाश्या, करवती, गिरमिट. तीस वर्षांची. तळ्याच्या काठावर जाऊन एकेक पाण्यात फेकलं. वडिलांची पटाशी जरा वेळ हातात राहिली.

येताना तीनदा बसावं लागलं. हिला सांगितलं, चोरी झाली. भिंतीवर परत नुसत्या आकृत्या.

२३ मार्च

डॉक्टर म्हणाले, दोघांनाही कसं काय. ही माझ्याकडे टक लावून पाहते. होडीला पुन्हा भोक कसं पडलं, असं विचारलं. बूच निसटलं म्हणालो. तुमचं बूच, असं म्हणाली नुसतं.

तिला बरं वाटतंय. गाल भरलेत. तेवढं बघत बसतो. भीती वाटते. मरणाची वाटतेच, पण त्याहून तिची. कळलं तर ती गप्प बसणारी नाही.

२४ मार्च

बसूनच लिहितोय. आडवं झालं की—

ही समोर गेली होती, मालकीणबाईंकडे. त्यांनी दार उघडलं नाही. बरं केलं.

म्हणजे कळायला दुसरा मार्ग नाही. फक्त ही वही. जाळायला हवी. काडेपेटी स्वयंपाकघरात. उद्या.

२५ मार्च

तीस वर्षं.

सकाळी केस नीट केले माझे. म्हणाली, बाजारात जाऊन येते, एक गंमत आणायचीय. हत्यारं गेल्यापासून तुम्ही खचलात. नवीन आणते सगळी. गिरमिटापासून.

नको म्हणालो. आवाज फुटला नाही. तिला वाटलं, लाजतोय.

उठवत नाही. काडेपेटी— नाही. वही उशाखालची तिने काल पाहिलीय. काय लिहिता हो एवढं, विचारलं. उद्या वाचायला देतो म्हणालो, थट्टेत.

फाडतो. हातात जोर नाही. आधी वीस तारीख, मग एकवीस, त्यात सगळं आहे, कुठे बसायचं, कसं—

फाटक वाजलं. चपला काढतेय. पिशवीत लोखंड वाजतंय. हाक मारतेय मला, हसत, मास्तर, ओळखा काय आण—

वीस तारीख. एकोणीसनंतर थेट एकवीस. कुठे गेली वीस ता