कंपनीचा सोडा

८ मार्च, रवि.
केगच्या झाकणाची रबरी रिंग बदलली. साबणाचं पाणी लावून पाहिलं, बुडबुडा नाही. मागच्या वेळी गॅस तिथूनच गेला होता. हैदराबादहून आणलेला बिअरचा जुना केग, स्टीलचं पिंप. आई त्याला अजून ‘तुझी टाकी’ म्हणते. पाक तिचा: ठेचलेलं आलं, साखर, लिंबू सगळ्यात शेवटी. पाणी गार करणं आणि गॅस चढवणं माझं. चव तिची, फेस माझा.

रेखाचा फोन. पुढच्या रविवारी डोहाळजेवण, इथंच, माहेरी. “तुझ्या आईच्या हातचा सोडाच पायजे मला. दुसरं काय पोटात ठरंना.”
हो म्हटलं.

११ मार्च, बुध.
रेखाच्या घरी शाळेपासून जाते. जाताना पाण्याची बाटली नेते. कुणी कधी काही बोललं म्हणून नाही. विहारापाशी राहणाऱ्यांनी देवळामागच्या घरात पाणी मागायची वेळ येऊ देऊ नये, एवढंच. आता त्याच घरात मांडवभर लोकांना प्यायला मी देणार.
आईला विचारलं, “पितील का?”
“तहान लागली तर पितील. न्हाई तर आपण पिऊ. कामून इतका इचार करायलीस?”

१४ मार्च, शनि.
पाणी चार अंशांवर. गॅस जोडला, केग आडवा करून हलवला. दाब स्थिर.
आईने जांभळी साडी काढून ठेवली आहे. म्हटलं, तू कशाला येतेस, केगला नळ आहे, लोक आपापलं घेतील.
“माझा पाक हाय. पिताना तोंडं तर बघू दे लोकांची.”

१५ मार्च, रवि.
केग मारुतीअण्णांच्या ऑटोतून नेला. “डोहाळजेवणाला बिअर? धन्य हाय बाई तुझी.” आई हसून हसून दमली.

मांडवाच्या कडेला बर्फाच्या टबात केग. पहिला ग्लास रेखाला, एका दमात संपवला. मग गर्दी. आई नळाशेजारी उभी, एकेकाचं तोंड बघत.

रेखाच्या सासूबाई उदगीरच्या. दोन घोट घेऊन माझ्याकडे वळल्या. “लई झकास हाय गं. कुणी केलाय?”
रेखा बोलणार होती. मी आधी बोलले.
“कंपनीचा आहे. हैदराबादच्या.”
लॅबमध्ये बॅच नंबर सांगते त्या आवाजात.
“वाटलंच. घरी कुठं जमतंय असलं.” मग आईकडे बघून, “ओ कंपनीच्या बाई, ग्लास संपले बघा. तेवढे विसळून आणता का?”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी काही म्हणेन म्हणून थांबली असावी. मग टोपली उचलली, जांभळा पदर खोचला, मागच्या नळावर जाऊन सगळे ग्लास विसळून आणले. परत आल्यावर कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही तिने. मी केगवरच्या काट्याकडे बघत राहिले. दाब व्यवस्थित होता.

परतताना ऑटोत आई म्हणाली, “तुझ्या कंपनीत कामाला आलेल्या बाईला चहा तरी देतेत का गं?”
मारुतीअण्णा मोठ्याने हसले. त्यांना वाटलं, आई गंमत करतेय.

१६ मार्च, सोम.
रेखा, फोनवर: “कामून खोटं बोललीस? मी सांगणार होते, सगळ्यांपुढं.”
“आणि त्यांनी ग्लास खाली ठेवला असता तर?”
“तर ठेवला असता. माझ्या सासूचं मी बघितलं असतं. तू त्यांना ठेवायची बी संधी दिली न्हाईस, ठावं असून प्यायची बी न्हाईस.”
कामाचं निमित्त सांगून फोन ठेवला.

१८ मार्च, बुध.
नमुना न तपासता रिपोर्ट लिहिला तर आमच्या लॅबमध्ये घरी पाठवतात. मी तेच केलं. सगळे प्यायले, आणि आमचा आहे हे माहीत असून प्यायली ती एकटी रेखा. पितील की नाही, हा प्रश्न जिथल्या तिथे.

आणखी एक. केगला लांब नळ मीच लावला. विचारणाऱ्यांना ‘स्वच्छता’ सांगायचे. कुणाचा हात लागला ते दिसत नाही, हेही तेव्हा माहीत होतं मला.

आई नेहमीसारखी बोलते. पाकाचं पातेलं मात्र माळ्यावर गेलंय.

२१ मार्च, शनि.
सासूबाईंचा फोन. रेखाकडून नंबर घेतला म्हणे. पुतणीचं लग्न आहे उदगीरला, तोच सोडा हवा. “आणि ती ग्लासवाली बाई बी आणा हं. हात लई स्वच्छ हाय तिचा.”
“विचारून सांगते,” म्हटलं.
कुणाला विचारून, तेही सांगितलं नाही. दुसऱ्यांदा.

२२ मार्च, रवि.
आई दारात डाळ निवडत बसली होती. सगळं सांगितलं, ‘ग्लासवाली बाई’सकट. माफ कर म्हणायचं होतं. “मी तसं बोलायला नको होतं,” एवढंच निघालं.

“बोललीस त्याचं न्हाई गं मला. त्या बाईला काय ठावं, मी कोण ते. तुला तर ठावं होतं.”

सुपातला खडा उचलून बाहेर टाकला. जरा वेळाने, “सोडा करते मी. उदगीरला येते बी. पातेलं काढ माळ्यावरचं. पण मला तिथं कोण म्हणून नेणार, ते आधी ठरव.”

पातेलं काढलं. घासलं. मग आईसमोरच सासूबाईंना फोन लावला. रिंग पूर्ण वाजली, उचलला नाही. दोन वाक्यं जुळवून ठेवली होती. फोन ठेवून दिला.

आई सुपातून मान वर न करता म्हणाली, “परत लाव.”