चिंचेनं घासलेले खटके

बाबा, तुमच्या गाडीचे खटके शेवटी मीच उघडले. दादा म्हणत होता, "काहून त्या डबड्याच्या मागे लागून राहिली तू?" पण मला कोणाचं ऐकायचंच नव्हतं. तुम्ही गेल्यापासून गाडी इथे अधारतालला माझ्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी होती आणि नोंदणीची मुदत संपत आली होती. नोंदणी नव्यानं करायची तर गाडी आरटीओच्या साहेबांना दाखवावी लागते; हेडलाईट, वायपर, इंडिकेटर, सगळं डॅशबोर्डवरच्या खटक्यांनी चालू व्हायला हवं. आणि आपल्या गाडीत तर एकही खटका धड चालत नव्हता. दादानं स्पष्ट सांगून टाकलं होतं, "या वेळी पास झाली तर ठेव. नाहीतर सरळ भंगारात. चलो, विषय संपला." तिकडे आई आपल्या दीक्षितपुऱ्याच्या घरातून आता बाहेर पडत नाही, पण रोज फोनवर तिचं एकच, "यांची गाडी पास होईल नं गं?" मी म्हणायचे, होईल. मला तरी कुठे ठाऊक होतं!

गाडी घरी आली तो दिवस मला अजून दिसतो. कुण्या फौजी साहेबाची बदली झाली, त्याला ती बुटकी, लांब नाकाची, दोन सीटांची गाडी सोबत न्यायची नव्हती, आणि तुम्ही ती उचलून आणलीत. मी दारात उभी आहे, सगळी गल्ली बाहेर आली आहे, गाडी वळणावर अडकली आहे आणि तुम्ही घामाघूम होऊन हसता आहात. समोरचे काका ओरडतात, "भैया, घर में चार जने और सीट दो, बाकी कहाँ बैठेंगे?" तुम्ही म्हणता, "बोनट पे!" आई मात्र आत निघून गेली. तुमचे नि तिचे खटके त्या खटक्यांवरूनच उडायचे. तुम्ही फॅक्टरीत पेंट शॉपला. रंगात तुमचा हात धरणारा कोणी नव्हता, पण विजेचं तुम्हाला शिकवलं कोणी? कुणीच नाही. तुम्हाला एकच गोष्ट कळायची, वस्तू चमकली पाहिजे.

आणि म्हणून दसऱ्याची ती चिंच. आदल्या दिवशी आई देवाची भांडी घासायला चिंच भिजवायची आणि तुम्ही अर्धी पळवायचात. "अहो, देवाची आहे ती!" "मग गाडीची पण पूजाच आहे नं उद्या!" स्वयंपाकघराच्या मोरीशी आपण दोघं बसलेलो, तुम्ही खटके उघडून त्यातल्या पितळी पट्ट्या वाटीत काढून दिलेल्या, मी आधी चिंचेनं आणि मग राखेनं घासते आहे. एका पट्टीवर काळा डाग राहिला तर काय चिडला होतात तुम्ही! "अर्धवटच करायचं असेल तर ऊठ, अभ्यासाला जा." मला रडू फुटलं, पण उठले नाही. तो डाग जाईपर्यंत घासत राहिले, बोटं आंबली. दुसऱ्या दिवशी झेंडूची माळ घालून झाल्यावर तुम्ही गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणालात, "पहिला खटका माझी पोरगी दाबणार." दिवे लागले आणि मला वाटलं, ते मीच लावले. दर दसऱ्याला हेच. पुढे खटके लवकर लवकर रुसायला लागले, तेव्हा तुम्ही म्हणालात, आपलं घासणं कमी पडतंय.

यंदा मी सेलवर चालणारा, दिवा लागणारा टेस्टर घेऊन बसले. शाळेत पोरांना विज्ञान शिकवते, म्हटलं एवढं तर जमेल. एकेक खटका उघडला. सगळ्या पट्ट्या लालसर-पिवळ्या, खड्डे पडलेल्या, टेस्टर लावला तर कधी वीज जाते, कधी नाही. अगदी टोकाला एक खटका होता, ज्याला वायरच जोडलेली नव्हती, म्हणून आपण तो कधी उघडलाच नाही. आतली पट्टी काळीकुट्ट, बघून शिसारी यावी अशी. सहज टेस्टर लावला आणि त्याचा दिवा पहिल्याच दाबात लागला. पुन्हा दाबला, पुन्हा लागला. कापसानं पट्टी जराशी पुसली, तर खाली आईचे पैंजण कपाटात पडून दिसतात तसा करडा रंग. चांदी होती ती, बाबा, काळी पडली तरी वीज नेणारी. पितळेवर चांदीचा पातळसा मुलामा होता, वीज त्याच्यावरून जायची, आणि आपण तो दर दसऱ्याला चिंच लावून, राख लावून घासून काढला. काळा डाग म्हणून तुम्ही मला रागावलात, ती चांदीच होती. मी डोक्याला हात लावून तिथेच बसले. हसावं की रडावं, कळेना.

कमानिया गेटजवळचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "दीदी, ये अब कहीं नहीं मिलते. प्लास्टिक के नए बटन डाल दो, चल जाएगी." ऐकायला हवं होतं. पण तुमच्या डॅशबोर्डला प्लास्टिक? मी हट्टाला पेटले. तो काळा खटका हेडलाईटला जोडला, बाकीच्या पट्ट्या जमतील तशा वाकवून बसवल्या. घरी सगळं चाललं, आणि मला, वेडीला, आशा वाटली.

आरटीओत साहेब गाडीभोवती फिरून आले, म्हणाले, "मैडम, क्या गाड़ी है!" हेडलाईट लागले. इंडिकेटर लागला. मग त्यांनी वायपर चालू करायला सांगितला. मी खटका दाबला, काच अर्धी पुसली गेली आणि वायपर मध्येच थांबला. बोटाला चटका बसला. घासून झिजलेली पट्टी तापली, मागच्या वायरचं वेष्टण वितळलं आणि डॅशबोर्डच्या आतून धूर यायला लागला. वायरींची सगळी जुडी जळत गेली. साहेबांनी स्वतः धावत येऊन बॅटरीची तार उपटली. भला माणूस. म्हणाले, "अब मैं क्या लिखूँ, आप ही बताइए." आत काही उरलंच नव्हतं. गाडी दोर बांधून परत आणली. दादानं भंगारवाल्याला फोन केला, आणि या वेळी मी त्याला अडवलं नाही. उद्या तो गाडी न्यायला येईल.

गाडी पोर्चमध्ये लावून मी आधी आईकडे गेले होते. भिंत धरून धरून ती दारापर्यंत आली. "झाली?" तिनं विचारलं. "झाली," मी म्हणाले. निघूनच गेलं तोंडातून. तिनं पदरानं डोळे पुसले, माझ्या हातावर चिमूटभर साखर ठेवली आणि तुमच्या फोटोकडे बोट केलं. "मला काय सांगते, यांना सांग. जोरात सांग, यांना कमी ऐकू येत होतं." तिला खोटं सांगितलं ते तिच्यासाठी, असं तरी म्हणता येईल. तुम्हाला खरं सांगायला काय हरकत होती? मनातल्या मनात सांगितलं असतं तरी चाललं असतं, तिला कुठे कळणार होतं. पण तुमच्याकडे बघितलं आणि तेही जमलं नाही. जोरात म्हणाले, "बाबा, गाडी पास झाली." खरं काय ते इथे लिहिलं आहे, आणि हे काही मी तुम्हाला वाचून दाखवणार नाही.