थैलीवरचं नाव

जानेफळ, ता. मेहकर
११ डिसेंबर २०२४, बुधवार

बनाबाईले झुंबरबाईचा रामराम. आणि हे पत्र वाचून दाखवणाऱ्या तुझ्या सुनेले, पुष्पांजलीले आशीर्वाद. सूनबाई, माझं अक्षर चौथीतलं आहे, शाळा सुटली तिथंच ते थांबलं. सावकाश वाच, पण मोठ्यानं वाच. घरातले सगळे असले तर आणखी बरं.

इकडं ठीक आहे. तुरीच्या शेंगा भरत आल्या. आमच्या म्हाताऱ्याचा गुडघा धरला, जीभ मात्र चालू आहे. नात समीक्षा सातवीत आहे. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर मी बोलता बोलता दुसऱ्याच वाटेले लागते, हे तुले माहीत आहे. म्हणून कागद घेतला.

या पोरीले मोबाईलवर जपानची चित्रं पाहायचा नाद लागला. कार्टून म्हटलं की फणकारते, ॲनिमे म्हण म्हणते. माणसांचे डोळे बशीएवढे अन् नाकाचा पत्ता नाही. पण हिंदीत बोलतात, म्हणून मले समजते. दिवाळीच्या सुट्टीत रोज भाकरी थापायच्या आधी एक भाग, असं करत मी अख्खी गोष्ट पाह्यली.

एक मोठी बादशाहत असते. तिचे शिपाई डोंगरातलं एक गाव जाळतात. त्यातली एकच पोरगी वाचते. तिचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही, मी तिले झिपरी म्हणते. झिपरी मोठी होते, नाव बदलून बादशहाच्या स्वयंपाकघरात भांडी घासायले लागते. तिथली म्हातारी स्वयंपाकीण तिले पोटच्या पोरीसारखी धरते. बादशहाच्या पुढं जाणारं प्रत्येक ताट आधी दुसरा माणूस चाखून पाहत असे. म्हातारीच्या हातचं ताट तेवढं कोणी चाखत नसे, इतका तिच्यावर भरवसा. झिपरीनं विष कालवलं ते त्याच ताटात.

बादशहा तडफडला तेव्हा मी मांडीवर थाप मारली. बरं केलं म्हटलं. समीक्षा म्हणे, आजी, तू तर भलतीच खतरनाक आहे. बादशहानं गाव जाळलं, मग पोरीचं काय चुकलं, यावर आमचं दोघींचं एकमत होतं.

दुसऱ्या दिवशीच्या भागात त्या म्हातारीले चौकात फाशी देतात. झिपरी डोक्यावर पदर ओढून गर्दीत उभी. म्हातारीची नजर फिरत फिरत तिच्यावर येऊन थांबते.

मी उठली. दूध उतू चाललं म्हटलं. गॅसवर दूध नव्हतंच.

बने, आता तुले कळलं असेल मी कुठं चालली. नसेल कळलं तर तुझा भोळेपणा अजून गेला नाही.

अर्जुनराव म्हणजे आमची बादशाहत. सारं शिवार त्याचं, मिरचीच्या बियाण्याच्या त्या जाळीच्या शेडही त्याच्या, आपण चाळीस बाया त्याच्या. आपल्या हातानं दुसऱ्या जातीचा पराग लावून क्रॉस केलेल्या फुलाले लाल दोरा बांधायचा, अन् बिनदोऱ्याची मिरची तोडून फेकायची, कारण ती आपोआप धरलेली, तिचं बी भेसळ. कोणती बाई कामचुकार ते पकडायले प्रत्येकीच्या ओळीचं बी वेगळ्या थैलीत अन् थैलीवर तिचं नाव, हा त्याचाच शोध.

माझ्या सुनेले, पूनमले तेव्हा सातवा महिना. जाळीच्या आत भट्टीसारखं तापलेलं. तिनं घरी जाऊ द्या म्हटलं, तर अर्जुनराव म्हणाला, फूल उद्यापर्यंत थांबत नाही. ती पडली तेव्हा तू तिले काखेत धरून बाहेर ओढलं. तुझ्या लुगड्याले रक्त लागलं होतं. लेकरू गेलं. चार दिवसांनी अर्जुनरावानं निरोप धाडला, पूनम येत नसेल तर तिची ओळ दुसरीले देतो.

तेव्हाच मी ठरवलं, याचं बी नासवायचं. याची लाज मले आजही नाही, खोटं काऊन लिहू. लाज पुढं आहे.

त्याचं बी घेणाऱ्या कंपनीनं ते पेरून पाह्यलं तेव्हा एकच थैली भेसळ निघाली. तिच्यावर तुझं नाव होतं.

ते दोरे मी बांधले, बनाबाई. बाया जेवायले बाहेर बसत तेव्हा मी विसरलेली पाण्याची बाटली आणायले आत जाई अन् आपोआप धरलेल्या मिरच्यांले लाल दोरे बांधून येई. असं आठ दिवस. माझ्या ओळीत नाही. तुझ्या ओळीत.

पुष्पांजली, थांबू नको. वाच.

माझ्या ओळीत बांधले असते तर सापडली असती. मुकादम माझी ओळ दोनदा पाहे, कारण माझं तोंड वाईट. तुझी ओळ कोणी पाहत नसे. बनाबाईचा हात चोख, असं तोच म्हणे. म्हणून तुझी निवडली. चुकून झालं नाही, रागाच्या भरातही नाही. डोकं थंड ठेवून निवडली.

अर्जुनरावानं तुले चाळीस बायांपुढं उभं केलं, हात वर करायले लावले, अन् हे पैसे खाऊन विकलेले हात आहेत म्हणाला. मी तिसऱ्या रांगेत होती. त्या दिवशी घरी जाताना तू मले विचारलं, "झुंबर, तुले तरी खरं वाटते का हे?"

मी म्हटलं, "हात कोणाचाही चुकतो, बने."

एवढंच म्हटलं. मग तू चार भांडी घेऊन पोराकडं सोनाळ्याले गेली. मागं इथं काय झालं ते ऐक. कंपनीनं गाव सोडलं. अर्जुनरावानं शेड काढून सोयाबीन पेरलं, गेल्या वर्षी नवा ट्रॅक्टर आणला, त्याचं काही वाकडं झालं नाही. इथलं काम गेलं, बाया सहा वर्षं झाली पहाटे टेम्पोत कोंबून लोणारकडं मजुरीले जातात. पूनमही जाते. ॲनिमेत मेलेल्या बादशहाच्या जागी त्याचा भाऊ बसतो अन् राह्यलेली गावं जाळतो. समीक्षा शेवटाले रडली. म्हणे, "आजी, झिपरीनं तेव्हा सांगितलं काऊन नाही?"

"भेली असेल," मी म्हटलं.

"मग आता सांगून काय उपयोग? म्हातारी तर मेली."

मी भाकरीचं पीठ तसंच सोडून ओसरीवर जाऊन बसली. झिपरीची म्हातारी मेली. माझी सोनाळ्याले जिवंत आहे, तिले संक्रांतीले फोनही येतो माझा, अन् मी तिले तुरीचा भाव विचारते.

पूनमले मी रविवारी सांगितलं. तिच्यासाठी केलं असं म्हणायले गेली तर म्हणाली, "माझ्या नावावर नका टाकू. मले बाहेर तिनं काढलं होतं." तेव्हापासून ती माझ्या हातचा चहा घेत नाही. सोमवारी पहाटे मी टेम्पोपाशी गेली अन् उभ्या बायांले सांगितलं. त्या एकेक करून टेम्पोत चढल्या. टेम्पो सुटला. आता अर्जुनरावाचं घर राह्यलं. हे पत्र पेटीत टाकून तिकडंच जाते.

तुले माफी मागत नाही. मागितली तर तू देऊन टाकशील, तुझा स्वभावच तसा, अन् मी पुन्हा तुझ्याच ओळीतून सुटून जाईन. संक्रांतीले मी फोन करणार नाही. तुले वाटलं तर तू कर, शिव्या द्यायले कर.

सूनबाई, तुझ्या सासूच्या हातांवरून तुमच्या घरात कोणी कधी बोलून दाखवलं असेल, तर त्याले हा कागद दाखव. त्या थैलीवर जे नाव पाहिजे होतं, ते मी खाली माझ्या हातानं लिहिते.

झुंबरबाई