पडद्यावरची निळी बाहुली

मंगळवार, संध्याकाळ. सांडोर.

घरी येऊन तास झाला, डोकं अजून तापलेलंच आहे. आज साहेबांनी आम्हाला कॉम्प्युटरवर आमचाच कारखाना दाखवला. सिम्युलेशन म्हणे! स्टीलच्या डब्यांची झाकणं प्रेसमधून निघतात, पट्ट्यावरून सरकतात, आणि तपासणीच्या टेबलाशी एक निळी बाहुली बसलेली. ती बाहुली म्हणजे मी.

ते बनवणारा पाहुणा म्हणाला, "इथे खराब माल सापडतच नाही, लाल क्रेट रिकामाच असतो. हे टेबल काढलं तरी चालेल." आणि साहेबांनी मान डोलावली! बारा वर्षं बघतायत मला.

अहो, क्रेट रिकामा का असतो? एका झाकणाला पोचा दिसला की मी उठते आणि ते प्रेस चालवणाऱ्या यादवभैयाच्या हातात नेऊन देते. तो साच्यात अडकलेला पत्र्याचा तुकडा तिथल्या तिथे काढतो. पुढची झाकणं खराब होतच नाहीत. मग क्रेटमध्ये काय टाकू, माझं कपाळ?

हे सांगितलं तर पाहुणा हसला. "ताई, तुमचं उठणं डेटामध्ये नाहीये." मी लिहून ठेवायला हवं होतं का? पण कुठे? फॉर्मवर दोनच रकाने, पास आणि रिजेक्ट.

ती निळी बाहुली मात्र एकदाही जागची हलली नाही.

उद्या साहेबांना तोंडावर सांगणार. एक दिवस मी तुमच्या बाहुलीसारखी बसून राहते. संध्याकाळी लाल क्रेट उचलायला तुम्ही स्वतः या.