क्लोरीनचे गुणधर्म

ता. ४ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या समितीच्या नव्या अभ्यासक्रमाची पानं पोचली. आमची शाळा प्रायोगिक म्हणून निवडल्यापासून मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मला ‘समितीची भाची’ म्हणतात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, याचा थांगपत्ता लागू देत नाहीत. नववीचा वर्ग मात्र खूश आहे. आधी प्रयोग, मग नियम, हा तुमचा हट्ट पोरांना मानवला. साबणाच्या पाण्यात लाल लिटमस निळा झाला, तर मागच्या बाकांवरून टाळ्या! एका मुलीला वर्ग ‘रेडिओ’ म्हणतो. एकदा ऐकलं की शब्दन् शब्द परत म्हणून दाखवते.

पण मामा, ‘घरातली रसायनं’ हे प्रकरण कुठे गेलं? तुम्हीच मला लिहायला बसवलंत. सुट्टीभर मी बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचून डोळे फोडून घेतले. चुकून राहिलं, की काढलं? फोनवरच भांडले असते, पण तुम्हाला ऐकू येत नाही आणि मामी मधे उभी राहून माझं बोलणं स्वतःच्या चवीनं सांगते.

लोभ आहे तसाच राहू द्या. उत्तर मात्र लवकर द्या.

तुमची,
भिंगरी


ता. ९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रकरण काढलं, आणि काढताना मी हात वर केला होता. समितीतले प्राध्यापक म्हणाले की हे रसायनशास्त्र नव्हे, घरकाम आहे. अध्यक्षांनी वेळापत्रक पुढे केलं. तासिका ठरलेल्या, एक गोष्ट आत घ्यायची तर दुसरीला दार दाखवायचं. त्यांना प्रात्यक्षिकं निम्म्यावर आणायची होती. ती वाचवण्यासाठी मी तुझ्या प्रकरणावर पाणी सोडलं. माझं ‘मूलद्रव्यांची मांडणी’ तेवढं शाबूत राहिलं. किती वर्षं मी ते घासूनपुसून लिहितोय, तुला ठाऊक आहे.

क्लोरीन आहेच की पुस्तकात. कृती, गुणधर्म, उपयोग सगळं आहे. हुशार मूल त्यावरून घरातलं ताडेल. तू सध्या छापलंय तेच शिकव. तपासणी तोंडावर आहे आणि सप्टेंबरअखेर आमची अंतिम बैठक. प्रायोगिक शाळेतून तक्रार आली तर प्रात्यक्षिकंही जातील.

मामी म्हणते की ती तुझं बोलणं जसंच्या तसं सांगते, फक्त भांडण गाळते. माया कमी करू नकोस.

तुझा,
मामा


ता. २१ सप्टेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दवाखान्याच्या बाकावरून लिहितेय. अक्षर लावून घ्या. इथून निघणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देतेय.

उद्याच्या तपासणीसाठी मोठ्या बाईंनी नववीला प्रयोगशाळा घासायला लावली. मी दुसऱ्या वर्गावर होते. रेडिओनं मागच्या सामानाच्या खोलीतली मोरी घ्यायची ठरवली. आधी संडासाचं अ‍ॅसिड ओतलं, डाग निघेनात म्हणून वर ब्लीचिंग पावडर टाकली. लवकर निघावेत म्हणून दोन्ही एकत्र, आणि पसारा दिसू नये म्हणून दार लावलेलं. मुलींनी दार ढकललं तेव्हा ती भिंतीला धरून वाकली होती. खोकला थांबेना, डोळे उघडेनात. आता नाकाला ऑक्सिजन लावलाय.

मामा, गेल्याच आठवड्यात मी तोंडी परीक्षा घेतली होती. क्लोरीनचे गुणधर्म सांग म्हटल्यावर हिनं श्वास न घेता म्हटलं होतं: फिकट हिरवट-पिवळा, उग्र वासाचा, हवेपेक्षा जड, विषारी. पैकीच्या पैकी गुण दिले मी. तोच वायू तिच्यासमोर मोरीतून वर आला आणि तिनं त्याला ओळखलं नाही.

मोठ्या बाई म्हणतात की ती परवानगीवाचून खोलीत शिरली, असं मी लिहून द्यावं. माझं डोकं चालत नाही. काय करू ते कळवा. जमलं तर याच.

भिंगरी


ता. २२ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

आधी डॉक्टरांकडे जा. नुसतं ‘धूर लागला’ म्हणू नकोस. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर मिसळून क्लोरीन झाला, असं स्पष्ट सांग. या वायूनं फुप्फुसांना झालेली इजा कधी कधी उशिरा डोकं वर काढते. बरं वाटतंय म्हणून तिला घरी न्यायची घाई कुणी करू नये.

कुणी दुसऱ्यानं लिहिलेल्या मजकुरावर सही करू नकोस. जे झालं ते तुझ्या शब्दांत लिही.

मी येत नाही. बैठक अलीकडे ओढलीय, परवाच आहे. तू रागावशील, रागाव. हुशार मूल ताडेल असं मी तुला लिहिलं होतं, ते कालपासून घशाखाली उतरत नाही. मामी येतेय. तिला सोबत ठेव.

मामा


ता. २६ सप्टेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

रागावलेच. तरीही आधी बातमी सांगते.

तुमचं पत्र आलं तेव्हा तिचे वडील तिला घरी न्यायच्या तयारीत होते, कारण ती उठून बसली होती. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी थांबवून घेतलं. संध्याकाळी तिचा श्वास पुन्हा लागला, ओठ काळवंडले, धावपळ उडाली. वडील भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मामीनं तिच्या आईला धरून ठेवलं. पहाटेकडे उतार पडला. आज ती घोगऱ्या आवाजात मला म्हणाली की पुस्तकात ‘उग्र वास’ लिहिलं होतं, पण तिला वाटलं अ‍ॅसिडचा वास असाच असतो.

वडील गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करतात. त्यांनी मला विचारलं की हे तुम्ही शिकवलं होतं का. मी म्हटलं, वायू शिकवला होता, बाटल्या नाही. ते म्हणाले, मग यापुढे ती प्रयोगशाळेत पाऊल टाकणार नाही.

निवेदन मी माझ्या शब्दांत दिलं. सफाई कुणी सांगितली ते लिहिलं; आणि हेही लिहिलं की मला हा धोका माहीत होता, त्यावर धडा लिहून कपाटात ठेवला होता, आणि छापील नाही म्हणून शिकवला नाही. मोठ्या बाईंनी चौकशी होईपर्यंत नववी माझ्याकडून काढून घेतली.

तुम्ही तिथे काय केलंत?

भिंगरी


ता. ३० सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

बैठकीत कानात यंत्र कोंबून बसलो होतो, एकही शब्द सुटू नये म्हणून. तुझं प्रकरण परत घ्या म्हटलं. अध्यक्षांनी विचारलं की बदल्यात काय काढू. बहुधा त्यांना वाटलं मी गप्प बसेन. मी ‘मूलद्रव्यांची मांडणी’ची पानं काढून त्यांच्यापुढे ठेवली. मोठं दुखलं गं. खोटं कशाला सांगू?

मग प्राध्यापक म्हणाले की हेही मुलं पाठ करतील: अ‍ॅसिड आणि ब्लीच मिसळू नये, दोन गुण. चिडून म्हणाले नाहीत, खरंच विचारत होते. शेवटी ठरलं की प्रकरण राहील, पण लेखी परीक्षेत नाही, फक्त प्रात्यक्षिकात. मुलानं समोरच्या बाटल्या हाताळून, लेबलं वाचून, कुठल्या शेजारी ठेवायच्या नाहीत ते दाखवायचं. प्राध्यापकांनीही हात वर केला.

हे कसं शिकवायचं, ते तू लिहायचंस. मी नाही. समितीला मी तसं सांगून आलोय. माझ्यावरचा राग पुरवून वापर.

तुझा,
मामा


ता. २३ ऑक्टोबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

चौकशी झाली. मला ताकीद मिळाली, मोठ्या बाईंनाही. त्या माझ्याशी कामापुरतं बोलतात, पण नववी परत दिलीय.

काल नव्या प्रकरणाचा पहिला तास घेतला. रेडिओ शाळेत येते, पण त्या तासाला ग्रंथालयात बसणार होती. घंटा झाली तर ती दारात, आणि मागे वडील! दुकानाचे काळे हात तसेच. ते म्हणाले की मुलगी ऐकत नाही, तेव्हा मी इथेच उभा राहतो. काही झालं तर उचलून नेईन. मी बरं म्हटलं. खिडक्या उघडल्या, झाकणं घट्ट असलेल्या बाटल्या टेबलावर मांडल्या आणि आधी फक्त लेबलं वाचायला लावली. रेडिओनं डोळ्यांवरच्या सुरक्षा-चष्म्याचा पट्टा ओढला आणि पहिली बाटली उचलली.

मग अ‍ॅसिड पातळ कसं करायचं ते दाखवलं: पाणी आधी, अ‍ॅसिड नंतर, थेंबाथेंबानं, उलट केलं तर उष्णतेनं पाणी क्षणात उकळतं आणि अ‍ॅसिडसकट उसळून अंगावर येतं. मुलं पांगली तरी वडील जागचे हलले नाहीत. बाही कोपरापर्यंत सारून त्यांनी हातावरचा जुना व्रण मला दाखवला. म्हणाले, बाई, उमेदवारीत असताना मी उलटं ओतलं होतं, पण ते असं का उडालं, हे आज कळलं. मग जरा अडखळून त्यांनी विचारलं की पुढच्या तासाला काय आहे, आणि मागे उभं राहिलं तर चालेल का.

पालकांना बसवायचा नियम नाही, असं मोठ्या बाई म्हणाल्या. मी मागच्या भिंतीशी एक स्टूल ठेवलंय.

राग सरला. लोभ तेवढा पुढे चालू ठेवा.

तुमची,
भिंगरी